सव्वा तास आणि 11,710 दिवस

एरवी पंधरा मिनिटांची वाट. त्या दिवशी सात तास लागले.

1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकहून खाशाबा दादासाहेब जाधव कराडला परतले, तेव्हा गोळेश्वरात निघालेल्या मिरवणुकीची ही आठवण. ढोल, लेझीम आणि बैलगाड्या. गाड्या किती होत्या यावर एकमत नाही. कुणी 101 सांगतं, कुणी 151. मला हिशेबाची खोड आहे, म्हणून कागद घेऊन बसलो. जुंपलेली बैलजोडी आणि तिच्यामागची गाडी मिळून वीस फूट धरू. मागच्या बैलांनी पुढच्या गाडीतल्या वैरणीला तोंड घालू नये म्हणून मध्ये पाच फूट मोकळे. म्हणजे गाडीमागे 25 फूट. 101 गाड्यांची रांग पाऊण किलोमीटरहून लांब भरते आणि 151 गाड्यांची सव्वा किलोमीटरच्या जवळ जाते. माणूस पायी पंधरा मिनिटांत जेमतेम तेवढंच चालतो. थोडक्यात, वाट जेवढी लांब तेवढीच मिरवणूक. शेवटची गाडी जागची हलायच्या आत पहिली वाटेच्या दुसऱ्या टोकाला पोचायची. सात तास लागले यात नवल नाही. पंधरा मिनिटांचे सात तास म्हणजे 28 पट.

आता ज्याच्यासाठी हे सगळं झालं, ते किती वेळ चाललं ते पाहू. हेलसिंकीत 57 किलो वजनी गटात खाशाबा पाच कुस्त्या लढले. त्या काळी एक कुस्ती फार तर पंधरा मिनिटं चाले. पाचही कुस्त्या पूर्ण वेळ चालल्या असं समजलं तरी बेरीज 75 मिनिटं, म्हणजे सव्वा तास. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण काही कुस्त्या आधीच चितपट होऊन संपल्या. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक या सव्वा तासात बसतं. मिरवणूक त्याच्या साडेपाच पट चालली.

पदक मिळालं 23 जुलै 1952 रोजी, बुधवारी. खाशाबा रस्ता अपघातात गेले 14 ऑगस्ट 1984 रोजी. मधले दिवस मोजले तर 11,710 भरतात. सव्वा तासाला या दिवसांशी ताडून पाहिलं की गुणोत्तर येतं एकास सव्वादोन लाख. त्या सव्वा तासाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. उरलेल्या सव्वादोन लाख भागांबद्दल दोन-तीन ओळी असतात, त्याही बहुतेक लेखाच्या शेवटी.

म्हणून मला उरलेल्या भागाचा हिशेब मांडायचा आहे. पण त्याआधी सव्वा तासाची किंमत किती पडली ते बघू.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तिथे पहिल्यांदा मॅटवर उतरला आणि 52 किलो गटात सहावा आला. मातीवर पाय रुततो, डावाला आधार मिळतो. मॅटवर तोच पाय घसरतो. शिवाय मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची आणि मॅटवरची गुणांनीही तुटायची. नवं गणित शिकायला त्यांच्याकडे जेमतेम काही आठवडे होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांना तिथे धडे दिले.

चार वर्षांनी हेलसिंकी. या वेळी महाराज नव्हते, संस्थान विलीन झालं होतं. पैसा जमवायला गावोगाव हात पसरावे लागले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि 7,000 रुपये उभे केले.

सात हजार. आज हा आकडा ऐकून कुणाची मान वर होत नाही. बऱ्यापैकी मोबाइलसुद्धा त्यात येत नाही. पण आपल्याकडे जुन्या रकमेचं वजन करायचा काटा घरोघरी असतो, तो म्हणजे सोनं. 1952 साली दहा ग्रॅम सोनं 77 रुपयांच्या आसपास मिळायचं. आजच्या सराफी भाषेत दहा ग्रॅमचा तोळा धरला तर सात हजारांत नव्वद तोळे आले. भाव तोळ्याला एक लाख धरून बघा: नव्वद लाख रुपये. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या विमान-बोटीच्या खर्चासाठी नव्वद तोळ्यांचा बोजा घरावर चढवला. त्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल याची मला नेहमी उत्सुकता वाटते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. ऑलिम्पिक पदकविजेत्याने परतल्यावर केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे कर्जफेड.

हेलसिंकीत 69 देशांचे 4,955 खेळाडू उतरले होते. 1951 च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या 36 कोटी. हॉकीचं सुवर्ण सांघिक. एकट्याच्या वाट्याला आलेलं पदक एकच, खाशाबांचं कांस्य. त्याच मैदानात वरच्या वजनी गटात लढणारे कोल्हापूरकडचे केशव माणगावे चौथे आले. म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या एवढ्याशा पट्ट्यातल्या मल्लांपैकी एक तिसरा, एक चौथा आला. तिसऱ्याचं नाव शाळेच्या पुस्तकात गेलं. चौथ्याचं नाव आज कोल्हापुरातसुद्धा किती जणांना सांगता येईल?

शेवटच्या दिवसाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची लांबलेली कुस्ती झाली, ते गुणांवर हरले. लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य. इशीचं सुवर्ण हे त्या स्पर्धेतलं जपानचं एकमेव सुवर्ण ठरलं. म्हणजे आपला गडी ज्याच्याशी हरला तो एका अख्ख्या देशाचा एकुलता विजेता होता. आणि त्या गमावलेल्या 30 मिनिटांची किंमत कुठल्याच काट्यावर मोजता येत नाही.

हेलसिंकीतच दोन दिवसांनी, 25 जुलैला, 400 मीटर धावण्याची अंतिम शर्यत झाली. 22 वर्षांचा एक काळा अमेरिकन तरुण 46.8 सेकंदांत तिसरा आला. त्याचं नाव ऑली मॅटसन. खाशाबांसारखंच कांस्य, तेवढंच वर्तुळ, त्याच टांकसाळीचं. पुढे 4 गुणिले 400 रिलेत त्याच्या संघाला रौप्य मिळालं. तिथे जमैकाने अमेरिकेला एक दशांश सेकंदाने हरवलं.

या दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नाही. पण हिशेबाच्या वहीत दोघांची पानं समोरासमोर ठेवावीत अशी आहेत. कारण मॅटसन तिथून घरी गेला आणि व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळू लागला.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून समोरच्या अकरा जणांच्या भिंतीतून घुसायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटर, पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याला द्यायचा. कबड्डीतली चढाई आणि ट्रकची धडक यांचं मिश्रण म्हणा. आजच्या संघांत भिंत धरणारे गडी 140 किलोचे असतात. एका गड्यात अडीच खाशाबा बसतील.

मॅटसन या खेळात 14 हंगाम टिकला. 1959 साली त्याची एका संघातून दुसऱ्यात बदली झाली तेव्हा त्याच्या एकट्याच्या मोबदल्यात नऊ जणांचा सौदा झाला. 1972 साली त्या खेळातल्या थोरांच्या दालनात त्याचं नाव लागलं. त्याची कारकीर्द एका आकड्यात सांगायची तर 12,884 यार्ड. चेंडू हातात असताना त्याने जितकं अंतर कापलं त्याची ही बेरीज. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या पुढे एकच खेळाडू होता.

12,884 यार्ड म्हणजे किती? 11.78 किलोमीटर. चौदा वर्षांचे पावणेबारा किलोमीटर! सातारकर दर पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्याला अर्धमॅरेथॉन धावतात, ती 21 किलोमीटरची. मॅटसनची अख्खी कारकीर्द म्हणजे तो घाट चढून, वळण घेऊन परतीच्या वाटेवर जेमतेम सव्वा किलोमीटर. आमच्या गल्लीतले साठी ओलांडलेले गृहस्थ एका सकाळी त्याहून जास्त धावतात आणि घरी येऊन मिसळ खातात. फरक एवढाच की त्यांना दर चार पावलांवर कुणी खांद्याने छातीत धडका देत नाही.

आता पैशाकडे येऊ. हा भाग आकड्यांच्या शौकिनांसाठी जत्राच आहे.

आज अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ, प्रत्येकात 53 खेळाडू, एकूण 1,696. शाळांमधून हा खेळ खेळणारी मुलं दहा लाखांहून जास्त. 2011 च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 30 लाख होती. त्यातल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाने, आजी-आजोबा आणि पाळण्यातली बाळं धरून, शिरस्त्राण घालून मैदानात उतरावं आणि त्यातून शेवटी एका मध्यम गावाएवढीच माणसं निवडली जावीत, असा हा चाळणीचा प्रकार. आणि चाळणीतून वर आलेल्यांची सरासरी कारकीर्द, खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने, सव्वातीन वर्षांच्या आसपास. आमच्याकडे आडसाली उसाची दोन पिकं निघेपर्यंत तिकडे एक कारकीर्द सुरू होऊन संपते.

त्या सव्वातीन वर्षांत मिळतं किती? टोकाचं उदाहरण घेतो. पॅट्रिक माहोम्स या खेळाडूने 2020 साली दहा वर्षांचा 45 कोटी डॉलरचा करार केला. डॉलर 85 रुपयांचा धरला तर 3,825 कोटी रुपये. वर्षाला 382 कोटी. हंगामात साखळी सामने 17, म्हणजे एका सामन्याचे साडेबावीस कोटी. सामना तीन तासांहून जास्त चालतो, पण वॉल स्ट्रीट जर्नलने 2010 साली घड्याळ लावून मोजलं तर चेंडू खरोखर खेळात असतो फक्त 11 मिनिटं. उरलेला वेळ चर्चा, जाहिराती आणि उभं राहणं. त्या 11 मिनिटांतला निम्मा वेळ चेंडू समोरच्यांकडे असतो. म्हणजे माहोम्सच्या वाट्याला साडेपाच मिनिटं. मिनिटाला चार कोटींच्या वर, सेकंदाला जवळजवळ सात लाख.

या भावाने प्राचार्य खर्डेकरांचे 7,000 रुपये कमवायला माहोम्सला किती वेळ लागेल? सेकंदाचा शंभरावा भाग.

जुना रुपया आणि नवा रुपया एकाच तागडीत टाकू नयेत, हे कळतं. म्हणून सोन्याचा काटा पुन्हा लावतो आणि नव्वद लाख धरतो. तरीही सव्वातेरा सेकंद. एवढ्यात आमच्याकडे पैलवान हौद्यात उतरून कपाळाला माती लावतो.

बरं, एवढा पैसा मिळून पुढचं आयुष्य सुखात जातं का? अर्थशास्त्रज्ञांनी 2015 साली याचा अभ्यास केला. 1996 ते 2003 या काळात लीगमध्ये निवडल्या गेलेल्या खेळाडूंपैकी जवळजवळ सहातल्या एकाने निवृत्तीनंतर बारा वर्षांच्या आत दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आणि गंमत अशी की जास्त कमावणारे आणि जास्त वर्षं खेळणारेही त्यातून सुटले नव्हते. आपल्याकडे म्हणतात की कुस्ती सुटते पण खुराक सुटत नाही. तिकडे बहुधा बंगला, गाड्या आणि भोवतीचे मित्र सुटत नसावेत.

दुसरा आकडा याहून वाईट आहे. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 पर्यंत लीगच्या 376 माजी खेळाडूंचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. 345 मेंदूंमध्ये डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धडकांनी होणारा ऱ्हास सापडला. शंभरात ब्याण्णव. इथे एक सावधगिरी हवी: मेंदू दान करणारी कुटुंबं बहुधा तीच, ज्यांनी घरात काहीतरी बिघडलेलं पाहिलं होतं. त्यामुळे सगळ्या खेळाडूंचं प्रमाण तेवढंच असेल असं म्हणता येत नाही. पण 376 पैकी फक्त 31 त्यातून सुटावेत, हे काही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आपल्याकडे पैलवान ओळखायचा तो मोडलेल्या कानांवरून. एसटीत शेजारी बसलेला म्हातारा कोणत्या तालमीतला हे विचारायचं धाडस त्या कानांमुळेच होतं. तिकडची खूण बाहेरून दिसत नाही आणि तिचं निदान माणूस गेल्यावरच होतं.

ऑली मॅटसन त्या खुणेचाच धनी निघाला. खेळणं थांबल्यावर त्याने शाळेत शिकवलं, प्रशिक्षण दिलं, लॉस एंजेलिसच्या प्रचंड कोलोसियम स्टेडियममध्ये कार्यक्रमांची व्यवस्था पाहिली. सरळमार्गी, नोकरदार आयुष्य. नंतर स्मृती ढासळत गेली. एका नातेवाइकाने सांगितलं त्याप्रमाणे शेवटची चार वर्षं तो बोलला नाही. 19 फेब्रुवारी 2011 रोजी, 80 व्या वर्षी, तो गेला. मेंदूच्या तपासणीत तोच आजार निघाला. पावणेबारा किलोमीटरच्या बदल्यात चार वर्षांचं मौन.

खाशाबांच्या पानावर परत येतो.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी होती, पण गुडघ्याने दगा दिला. तिथे जागतिक कुस्ती संपली. वय होतं तीस. पुढची नोकरी सत्तावीस वर्षांची. खात्याच्या स्पर्धा, खात्यातल्या पोरांना शिकवणं आणि बंदोबस्त. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि मग निवृत्तिवेतनासाठी कागदांशी झुंजत राहिले. या शेवटच्या कुस्तीला वेळेची मर्यादा नव्हती, गुण देणारा पंचही नव्हता. गावातल्या घराला त्यांनी नाव दिलं होतं ‘ऑलिम्पिक निवास’. मला ते नाव फार आवडतं. बंगला, व्हिला, सदन यातलं काही नाही. सरळ पत्ता सांगितल्यासारखं.

अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला. खाशाबांना तो मरणोत्तर मिळाला, 2000 सालचा. पदकापासून मोजलं तर 48 वर्षांनी. पद्म पुरस्कार जिवंतपणी मिळाला नाही. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावायला मात्र त्यांना बोलावलं होतं, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते.

आता एक हिशेब सांगतो, जो मांडताना मी दोनदा तपासला. खाशाबांनंतरचं पहिलं वैयक्तिक पदक लिअँडर पेसने 3 ऑगस्ट 1996 रोजी अटलांटात मिळवलं. मध्ये 44 वर्षं आणि 11 दिवस. एकूण 16,082 दिवस. एवढा काळ खाशाबा आपल्या यादीत एकटेच होते, आणि त्यातली बत्तीस वर्षं ते हयात होते. पण हा एकटेपणा निदान दोनदा मोडता मोडता राहिला. 1960 साली रोममध्ये मिल्खा सिंग यांचं कांस्य दशांश सेकंदाने हुकलं.  त्या वेगाने धावणारा माणूस दशांश सेकंदात मीटरभराच्या आतबाहेर जातो. आणि 8 ऑगस्ट 1984 रोजी पी. टी. उषाचं 400 मीटर अडथळ्यांचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं: 55.41 आणि 55.42. त्या वेगाला शंभरावा भाग म्हणजे सात सेंटिमीटर. मीटरभर आणि सात सेंटिमीटर, एवढ्या अंतरामुळे 36 कोटींचा देश 90 कोटींच्या पुढे जाईपर्यंत एकाच माणसाचं नाव घेत राहिला.

उषाची ती शर्यत लॉस एंजेलिसच्या कोलोसियमवरच झाली, ज्या कोलोसियममध्ये मॅटसनने नोकरी केली. ती शर्यत झाली आणि सहाव्या दिवशी इकडे खाशाबा गेले. वय 58. आणि माहोम्सच्या हिशेबात सात हजार रुपयांना लागलेला वेळही तोच होता, सेकंदाचा शंभरावा भाग. आकडे कधी कधी असे एकमेकांना भेटतात. त्यातून अर्थ काढायच्या फंदात मी पडत नाही.

खाशाबांचं दुर्दैव म्हणून हे एकट्याचं असतं तर विसरताही आलं असतं. पण शेजारच्या सांगली जिल्ह्यात जा. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. शाळेत कुस्ती केली, लहानपणीच सैन्यात गेले, 1965 च्या युद्धात अंगात नऊ गोळ्या घुसल्या. कमरेखालचं शरीर गेलं. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात 37.33 सेकंदांचा विक्रम करून सुवर्ण आणलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री आली 2018 साली. 37.33 सेकंदांना ही मधली वर्षं किती वेळा पुरतील? पावणेचार कोटी वेळांहून जास्त. आपण एका माणसाला त्याच्या कामगिरीच्या पावणेचार कोटी पट थांबवलं. त्याच्यावर सिनेमा निघाला 2024 साली आणि अर्जुन पुरस्कार मिळाला त्यानंतर, ऐंशी पूर्ण झाल्यावर.

2024 वरून आठवलं. त्या वर्षी 1 ऑगस्टला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं, 451.4 गुणांनी. महाराष्ट्राच्या वाट्याला खाशाबांनंतर आलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मधले दिवस 26,307. राज्य सरकारने लगेच एक कोटी रुपये जाहीर केले आणि सगळीकडे वा वा झाली. मी सवयीने काटा काढला. त्या महिन्यात सोनं सत्तर हजारांच्या आसपास होतं. एक कोटीत 140 तोळे आले. खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभे केले होते नव्वद.

म्हणजे 2024 साली साडेबारा कोटी लोकांच्या राज्याने पदक मिळाल्यावर लगेच जेवढं द्यायचं कबूल केलं, त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश एका प्राचार्याने 1952 साली एकट्याने दिलं होतं. पदक मिळायच्या आधी. मिळेल की नाही हे माहीत नसताना.

हा हिशेब मला पुन्हा पुन्हा करावासा वाटतो, आणि दर वेळी उत्तर तेच येतं. खेळाडूंना पैसे मिळत नाहीत हे रडगाणं जुनं झालं. आता मिळतात, आणि मिळालेच पाहिजेत. पण माहोम्सचे 3,825 कोटी असोत की कुसाळेला जाहीर झालेला एक कोटी, तो सव्वा तासाचा मोबदला आहे. 11,710 दिवसांसाठी कुणाच्या वहीत रकाना नाही. मॅटसनच्या चार मुक्या वर्षांना तिकडे नव्हता, खाशाबांच्या निवृत्तिवेतनाला इकडे नव्हता. 2017 साली खाशाबांच्या कुटुंबाने गावात कुस्ती अकादमी उभी राहावी म्हणून ते पदकच लिलावात काढायची तयारी दाखवली, तेव्हा चार दिवस बातम्या झाल्या.

आता राज्य सरकारने 15 जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन ठरवला आहे. त्या दिवशी शाळांत भाषणं होतात, शर्यती होतात. कराडला आलात तर गोळेश्वर लागूनच आहे. ‘ऑलिम्पिक निवास’ कुठे असं विचारा, कुणीही दाखवेल. आता बैलगाड्या आडव्या येत नाहीत; पंधरा मिनिटं पुरतात.